विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनी प्राथमिक जीवशास्त्र का शिकावे?

अक्षरयात्री (प्रश्न)

मी पदवीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवतो. कला, वाणिज्य आणि विधी या शाखांतील प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी एका सत्रापुरते प्राथमिक जीवशास्त्र शिकावे, असा प्रस्ताव सध्या आमच्या अभ्यासमंडळापुढे आहे. मी स्वतः त्या प्रस्तावाच्या बाजूने आहे. मात्र त्याच्या समर्थनार्थ बैठकीत जे मुद्दे मांडले जातात, ते मला फार विरळ वाटतात. सामान्यज्ञान वाढते, वैज्ञानिक दृष्टिकोन येतो, आरोग्याची जाणीव होते, ही विधाने खरी असली तरी ती भूगोलाबद्दल किंवा रसायनशास्त्राबद्दलही तितक्याच सहजतेने करता येतील. विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून थेट आहे. ज्याला पुढे न्यायालयात, बँकेत, वृत्तपत्रात किंवा शाळेत काम करायचे आहे, त्याने जनुके आणि पेशी यांच्यासाठी आपला वेळ का द्यावा?

म्हणून मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपापल्या विषयात जीवशास्त्राच्या मूलभूत ज्ञानावाचून नेमके कोठे अडते, याची ठोस उदाहरणे कोणी देऊ शकेल का? आणि असा अभ्यासक्रम खरोखरच लागू झाला, तर एका सत्राच्या मोजक्या तासिकांत काय शिकवावे व काय निःसंकोचपणे वगळावे?

विधिज्ञा

मी पुरावा कायदा शिकवते, त्यामुळे माझे उत्तर त्या अंगाने आहे. डीएनएचा अहवाल न्यायालयात दाखल झाला की तो ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापुढे तो निमूटपणे मान्य करण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि उलटतपासणीचा सारा अर्थच तेथे संपतो.

अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीचा शोध लावला. फौजदारी तपासातील तिच्या पहिल्या मोठ्या उपयोगाने आधी एका निरपराध मुलाची सुटका केली, हे मी प्रत्येक वर्गाला आवर्जून सांगते. लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ मध्ये दोन किशोरवयीन मुलींचे खून झाले होते आणि १७ वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. दोन्ही ठिकाणचे नमुने एकाच पुरुषाचे आहेत आणि तो पुरुष म्हणजे हा मुलगा नव्हे, हे डीएनएने दाखवून दिले. खरा गुन्हेगार १९८८ मध्ये दोषी ठरला. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीचे मूल्य किती, हा आमच्या विषयातील फार जुना वाद आहे, आणि त्यात एका प्रयोगशाळेने घातलेली ही भर कोणत्याही भाष्यग्रंथापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

आता दुसरी बाजू. अहवालात 'जुळते' असे लिहिलेले असते तेव्हा संपूर्ण डीएनए तपासलेला नसतो. काही ठरावीक जागा तपासलेल्या असतात, जेथे एक छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो आणि त्या आवर्तनांची संख्या माणसागणिक बदलते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहात आज अशा २० जागा मूलभूत मानल्या जातात. एवढे समजले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. नमुना अपुरा किंवा खराब झालेला असेल, तर त्यांपैकी किती जागा वाचता आल्या? नमुन्यात दोघांचे मिश्रण असेल तर काय? आरोपीला एकसारखा जुळा भाऊ असेल तर काय? अंशतः जुळणाऱ्या अहवालावरून दहा लाखांत एक अशी शक्यता सांगितली गेली आणि शहराची लोकसंख्या ५० लाख असेल, तर तेथे योगायोगाने जुळणारी सुमारे ५ माणसे असू शकतात. त्यामुळे हा आकडा आरोपी निर्दोष असण्याची शक्यता सांगत नाही. शिवाय तो डीएनए तेथे केव्हा आणि कसा आला, हे त्या अहवालातून कळतच नाही.

ज्या प्रकरणामुळे माझे विद्यार्थी सर्वाधिक अस्वस्थ होतात, ते अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले, २००२ च्या सुमाराचे आहे. शासकीय साहाय्यासाठी अर्ज केलेल्या एका स्त्रीची आणि तिच्या मुलांची डीएनए चाचणी झाली. वडिलांचे नाते सिद्ध झाले, पण ती मुलांची आई नाही असा निष्कर्ष निघाला. तिच्यावर फसवणुकीचा संशय घेण्यात आला आणि मुले हिरावली जाण्याची वेळ आली. ती त्या वेळी गरोदर होती, म्हणून प्रसूतीच्या वेळी साक्षीदार उपस्थित ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. सर्वांच्या डोळ्यांदेखत जन्मलेल्या त्या बाळाशीही तिचा डीएनए जुळला नाही. पुढे उलगडा झाला तो असा की, गर्भावस्थेच्या अगदी सुरुवातीला दोन भ्रूण एकत्र होऊन तिचे शरीर घडले होते. तिच्या रक्तातील पेशी एका भ्रूणापासून आलेल्या होत्या आणि अन्य काही उतींतील पेशी दुसऱ्या भ्रूणापासून. एका माणसाच्या सर्व पेशींत तोच डीएनए असतो, या गृहीतकावर संपूर्ण चाचणी उभी असते. ते गृहीतक आहे, ते बहुतेक वेळा खरे असते आणि क्वचित खोटेही ठरू शकते, हे ज्या वकिलाला माहीत असेल, तोच रक्ताऐवजी दुसऱ्या उतीचा नमुना तपासण्याची मागणी करू शकेल. ही मागणी कायद्याच्या कोणत्याही कलमातून सुचत नाही.

पेटंटचा कायदाही येथवर आला आहे. नैसर्गिक डीएनएच्या तुकड्यावर पेटंट मिळणार नाही, पण पूरक डीएनएवर मिळू शकेल, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी निगडित दोन जनुकांच्या प्रकरणात दिला. ही सीमारेषा तेथेच का आखली, हे कळण्यासाठी पेशी जनुकाची आरएनए प्रत काढल्यावर तिच्यातील काही भाग छाटून टाकते आणि त्या छाटलेल्या प्रतीवरून प्रयोगशाळेत उलट डीएनए बनवला जातो, एवढे ठाऊक असावे लागते. एका तासिकेचा हा विषय आहे, आणि त्यावर कोट्यवधींचे दावे उभे राहिले आहेत.

कालरेषा

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मला दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात. पहिल्याबद्दल थोडक्यात लिहितो आणि दुसऱ्याबद्दल जरा सविस्तर.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने नष्ट होत गेले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मरण पावली; जवळपास तितक्यांनीच देश सोडला. गरीब कुळे प्रामुख्याने बटाट्याच्या एकाच वाणावर जगत होती. बटाट्याची लागवड कंदांपासून होते, त्यामुळे शेतामागून शेत जनुकीय दृष्ट्या एकाच झाडाच्या प्रतींनी भरलेले होते. एक झाड ज्या रोगाला बळी पडले, त्याला रोखण्याची क्षमता दुसऱ्या कोणत्याही झाडात नव्हती. हे समजल्याने इंग्लंडच्या सरकारची आणि जमीनदारांची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. उलट ती अधिक नेमकी ठरवता येते, कारण पीक कशाने गेले आणि माणसे कशाने मेली, हे दोन प्रश्न वेगळे करता येतात. पीक रोगाने गेले. माणसे मेली त्याला जमीनधारणेची पद्धत, अपुरे साहाय्य आणि उपासमारीच्या काळातही चालू राहिलेली धान्याची निर्यात कारणीभूत होती. जीवशास्त्र न जाणणारा विद्यार्थी हे दोन्ही प्रश्न एकत्र करतो आणि मग सारा दोष एकतर निसर्गावर टाकतो किंवा राज्यकर्त्यांवर.

दुसरा प्रसंग सुप्रजननवादाचा, म्हणजे 'चांगल्या' गुणांच्या माणसांनाच संतती व्हावी या विचारसरणीचा आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्यानंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले, आणि १९२७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरवला. अमेरिकेत या कायद्यांखाली ६०,००० हून अधिक माणसांची नसबंदी झाली. १९३३ मध्ये जर्मनीने केलेल्या कायद्याची व्याप्ती तर याहून कितीतरी मोठी होती. मंदबुद्धी, गुन्हेगारी, दारिद्र्य हे गुण एखाद्या अप्रभावी जनुकासारखे सरळ पिढीजात उतरतात, हा या सर्वांमागचा आधार होता. ज्या तरुण स्त्रीवरून तो खटला चालला, तिच्या मुलीलाही 'मंदबुद्धी' ठरवण्यात आले होते. ती मुलगी पुढे शाळेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होत होती.

गुण एका जनुकाने ठरतो हे गृहीत धरले, तरी हा कार्यक्रम स्वतःच्याच उद्दिष्टात अपयशी ठरणार होता, आणि ते दाखवणारे गणित १९०८ पासून उपलब्ध होते. जी. एच. हार्डी हे गणितज्ञ आणि विल्हेल्म वाइनबर्ग हे जर्मन वैद्य, यांनी स्वतंत्रपणे ते मांडले. समजा, एखादा अप्रभावी विकार १०,००० पैकी एका व्यक्तीत दिसतो. विकार दिसण्यासाठी त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात, म्हणजे समाजातील एकूण प्रतींपैकी शंभरात एक प्रत सदोष आहे. मग एकच सदोष प्रत बाळगणारे, स्वतः पूर्ण निरोगी असलेले वाहक किती? १०,००० पैकी सुमारे १९८, म्हणजे पन्नासात जवळपास एक. तुम्ही त्या एका रुग्णाला अपत्य होऊ दिले नाही, तरी १९८ जणांमधून तेच जनुक निर्वेधपणे पुढे जाते. प्रत्येक पिढीतील प्रत्येक रुग्णावर अशी सक्ती केली, तरी सदोष प्रतींचे प्रमाण निम्मे व्हायला १०० पिढ्या लागतील. एक पिढी २५ वर्षांची धरली तर २,५०० वर्षे.

हे गणित वर्गात फळ्यावर मांडायला अर्धा तास लागतो. त्यात गुणाकाराच्या पलीकडे काही नाही. पण तो गुणाकार कशाचा करायचा, हे समजण्यासाठी प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यांपैकी एकच पुढे जाते, ही मेंडेलची साधी गोष्ट पक्की कळलेली असावी लागते. माझ्या विषयातील विद्यार्थी या कायद्यांबद्दल निबंध लिहितात तेव्हा 'त्या काळच्या विज्ञानाच्या प्रभावामुळे' असे लिहून पुढे जातात. त्या काळच्या विज्ञानातच त्याचे खंडन उपलब्ध होते, हे त्यांना दिसत नाही, आणि त्यामुळे ते न्यायाधीशांना व कायदेमंडळांना नको तितक्या सहज दोषमुक्त करतात.

अर्थवेध

मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. वरील दोन्ही प्रतिसाद विचारपूर्वक लिहिलेले आहेत, पण त्यांतून प्रस्ताव सिद्ध होतो असे मला वाटत नाही.

दहा लाखांत एक हा आकडा कसा वाचावा, हा संभाव्यतेचा प्रश्न आहे. हार्डींचे गणित हेही, कालरेषा यांनी स्वतःच म्हटल्याप्रमाणे, गुणाकार आहे. मग जीवशास्त्राऐवजी संख्याशास्त्राचा एक चांगला अभ्यासक्रम सर्वांना का देऊ नये? तो न्यायालयातही उपयोगी पडेल, बँकेतही आणि वृत्तपत्रातही. विद्यार्थ्याचा वेळ मर्यादित आहे. जीवशास्त्राला दिलेले सत्र दुसऱ्या कशातून तरी वजा होणार आहे.

सुप्रजननवादाच्या उदाहरणावर माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. ते गणित उलट निघाले असते, म्हणजे एका पिढीत विकार नाहीसा होऊ शकला असता, तर सक्तीची नसबंदी न्याय्य ठरली असती का? ठरली नसती. मग त्या कायद्यांना विरोध करण्यासाठी नीतिशास्त्र पुरेसे आहे, आणि जीवशास्त्राचा आधार घेतल्याने विरोधाची जागा उलट कमकुवत होते.

शाळेत आम्ही जे जीवशास्त्र शिकलो, त्यात आकृत्यांना नावे देणे आणि वर्गीकरणाचे तक्ते पाठ करणे, याखेरीज फारसे काही नव्हते. तेच पुन्हा होणार नाही, याची हमी कोण देणार?

कालरेषा

अर्थवेध यांच्या दुसऱ्या मुद्द्याला एवढेच उत्तर देतो. नैतिक आक्षेप स्वयंपूर्ण आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु १९२७ च्या निवाड्यात नैतिक आक्षेपाला बाजूला सारण्यासाठीच 'शास्त्रीय' निकड पुढे केली गेली होती. समाजावर संकट आले आहे आणि उपाय हाती आहे, असा तो युक्तिवाद होता. असा युक्तिवाद समोर येतो तेव्हा केवळ मूल्यांच्या भाषेत बोलणारा माणूस भावनाप्रधान ठरवला जातो. संकट खोटे आहे आणि उपायही निरुपयोगी आहे, हे दाखवता आले, तर मूल्यांची बाजू ऐकून घेतली जाण्याची शक्यता वाढते. हक्कांची लढाई लढणाऱ्याच्या हाती दोन्ही साधने असावीत, असे मला मनापासून वाटते.

पेशीपट

मी जीवशास्त्र शिकवते आणि विज्ञानेतर शाखांच्या वर्गांनाही शिकवले आहे. अर्थवेध यांनी संख्याशास्त्राचा जो मुद्दा काढला आहे, तो या चर्चेतील सर्वांत मोलाचा आहे, म्हणून त्यांच्याच विषयातील उदाहरण घेते.

न्यूफाउंडलंडच्या समुद्रातील कॉड मासळी शतकानुशतके पकडली जात होती. कॅनडाच्या सरकारने जुलै १९९२ मध्ये त्या मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका निर्णयाने गेला आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती बंदी पूर्णपणे उठली नाही. तेथे आकडेवारी नव्हती असे नाही; भरपूर होती, आणि तिच्यावर काम करणारे लोकही कुशल होते. एका जहाजाला ठरावीक श्रमांत किती मासळी मिळते, यावरून समुद्रातील साठ्याचा अंदाज बांधला जात होता आणि तो आकडा बराच काळ समाधानकारक दिसत होता. पण कॉड हा कळपाने राहणारा मासा आहे. संख्या घटली तरी उरलेले मासे दाट थव्यांत एकत्र येतात, आणि यंत्रांच्या साहाय्याने थवा शोधणाऱ्या जहाजाचे जाळे पूर्वीसारखेच भरते. आकडा बरोबर मोजला होता. तो कशाचा आकडा आहे, हे मात्र माशाच्या वर्तनावर अवलंबून होते.

दुसरी गोष्ट अंड्यांची. अर्थशास्त्राच्या प्राथमिक प्रतिमानात मासळीचा साठा टनांत मोजतात आणि एक टन दुसऱ्या टनासारखाच धरतात. कॉडची मोठी, वयस्क मादी एका हंगामात लाखो अंडी घालते, आणि नुकत्याच वयात आलेल्या लहान मादीपेक्षा तिची अंडी वजनाच्या प्रमाणाहूनही अधिक असतात. मोठे मासे आधी पकडले गेले की वजन थोडे घटते आणि पुनरुत्पादनाची क्षमता फार घटते. शिवाय त्या थंड पाण्यात कॉड वयात यायला अनेक वर्षे लागतात, त्यामुळे आज केलेली चूक पुष्कळ उशिरा दिसते. संख्याशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला समीकरण सोडवता येईल, पण कोणते समीकरण लिहायचे आणि त्यातील कोणते गृहीतक संशयास्पद आहे, हे त्याला सजीवाच्या जीवनक्रमाकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून माझ्या मते हे दोन विषय एकमेकांचे पर्याय नाहीत. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रमही सर्वांना द्यावा, अशी मागणी झाली तर मी तिला आनंदाने पाठिंबा देईन.

आता काय शिकवावे, याबद्दल. मला सर्वांत आधी शिकवावीशी वाटते ती भिन्नतेची कल्पना. कोणत्याही जातीचे सदस्य एकमेकांपासून वेगळे असतात, हा वेगळेपणा अपवाद किंवा दोष नसून तेथील मूळ वस्तुस्थिती आहे, आणि उत्क्रांती, साथी, औषधांचे परिणाम, शेती हे सारे त्यावरून चालते. मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला ही कल्पना फार उपयोगी पडते, कारण तो अनेकदा 'प्रातिनिधिक' माणसाबद्दल विचार करतो. रिचर्ड लेवंटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले की, मानवातील जनुकीय भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के भिन्नता कोणत्याही एका जनसमूहाच्या आतच आढळते. वंशभेदाबद्दलच्या चर्चेत ही वस्तुस्थिती माहीत असलेला विद्यार्थी आणि माहीत नसलेला विद्यार्थी वेगळ्या पायरीवरून सुरुवात करतात.

त्यानंतर प्रतिजैविके आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. आपल्या पेशींना ती भिंत नसते म्हणून आपण वाचतो, आणि विषाणूला तर पेशीच नसते, म्हणून सर्दीवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. हे कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. या वेगाने एकाचे १० तासांत १०० कोटींहून अधिक होतात, आणि इतक्या प्रतींमध्ये काही चुका होणे अटळ असते. त्यांतली एखादी चूक औषधाला चकवणारी असेल, तर औषध इतरांना मारून त्या एकाला मोकळे रान करून देते. औषधाची सवय माझ्या शरीराला झाली, असे पुष्कळ सुशिक्षित लोक मानतात. बदल जिवाणूंच्या समूहात झालेला असतो, आणि त्या जिवाणूंचा संसर्ग शेजाऱ्यालाही होऊ शकतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. येथे राज्यशास्त्राचा, अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा प्रश्न एकाच वेळी उभा राहतो: ज्या औषधाचा माझ्याकडून होणारा वापर दुसऱ्याच्या उपचाराची शक्यता कमी करतो, त्याच्या विक्रीवर बंधन किती असावे? या विषयावर माझ्या वर्गात झालेले सर्वांत चांगले वादविवाद विज्ञानेतर विद्यार्थ्यांनीच केले आहेत.

तिसरा विषय जनुक आणि परिस्थिती यांच्या संबंधाचा. फेनिलकीटोन्युरिया हा विकार पूर्णपणे आनुवंशिक आहे. एका विशिष्ट अमिनो आम्लाचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) त्या बालकात काम करत नाही आणि उपचार न केल्यास मेंदूची गंभीर हानी होते. तरीही जन्मानंतर लगेच निदान होऊन ते अमिनो आम्ल आहारात मर्यादित ठेवले, तर मूल जवळपास नेहमीसारखे वाढते. आनुवंशिक म्हणजे अटळ, हा समज मोडायला याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते एकदा तरी पाहावे. हुशारी रक्तातच असते, असे विधान कर्मचारी निवडताना किंवा शाळेत प्रवेश देताना कोणी केले, तर त्यावर काय विचारायचे, हे त्यांना त्यातून कळेल.

काय वगळावे, याचे उत्तर सोपे आहे. वर्गीकरणाचे तक्ते, पेशीच्या अंगकांची संपूर्ण यादी, श्वसनाच्या रासायनिक पायऱ्या, फुलाच्या भागांची नावे, हे सारे वगळावे. मला ते विषय प्रिय आहेत, आणि तरीही असे म्हणते. विज्ञानशाखेचा अभ्यासक्रम पातळ करून दुसऱ्या शाखांना दिला, की अर्थवेध यांनी वर्णन केलेलाच प्रकार होतो.

वार्तापत्र

मी वृत्तपत्रात आरोग्यविषयक मजकूर संपादित करतो, त्यामुळे एक छोटी भर. आमच्याकडे येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांपैकी पुष्कळशी दोन प्रश्नांवर गळून पडतात. प्रयोग माणसांवर झाला, उंदरांवर झाला की काचपात्रातील पेशींवर? आणि सांगितलेला पदार्थ पोटात गेल्यावर त्याच रूपात रक्तात पोहोचतो का? कोलॅजेन खाल्ले की ते त्वचेत जाऊन बसते, असा दावा करणाऱ्या मजकुरात पचनाचा विचारच नसतो. प्रथिन पचते म्हणजे त्याचे अमिनो आम्लांत आणि छोट्या तुकड्यांत विघटन होते, आणि पुढे त्यांचे काय करायचे ते शरीर ठरवते. रक्त अल्कधर्मी करणाऱ्या पाण्याचेही तसेच. रक्ताचा सामू (आम्लता-अल्कतेचे माप, पीएच) ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात. तो एखाद्या पेयाने सहज हलू लागला, तर ती रुग्णालयात नेण्याची वेळ असेल. हे तपासायला संपादकाला तज्ज्ञ असावे लागत नाही, पण पचन आणि समस्थिती (शरीराने आपली आतील स्थिती स्थिर राखणे) या दोन गोष्टी कळलेल्या असाव्या लागतात. धोका दुप्पट झाला, असे शीर्षक देण्यापूर्वी तो १०,००० त २ वरून ४ झाला की १०० त २० वरून ४०, हे विचारणे मात्र संख्याशास्त्राचे काम आहे, हे मी अर्थवेध यांना मान्य करतो.

अर्थवेध

कॉडचे उदाहरण मला पटले. मासळीच्या साठ्याचे प्रतिमान आम्हाला शिकवले गेले तेव्हा वाढीचा दर हा एक स्थिरांक म्हणून दिला होता आणि तो कोठून येतो, हे कोणी विचारले नव्हते. मात्र अभ्यासक्रम सक्तीचा असावा की ऐच्छिक, याबद्दल माझी शंका कायम आहे. सक्तीच्या विषयाकडे विद्यार्थी परीक्षेपुरते पाहतात, आणि परीक्षा स्मरणाची असेल तर शिकवणेही हळूहळू स्मरणाचेच होते.

अक्षरयात्री

सर्वांचे मनापासून आभार. बैठकीत मांडण्यासाठी मला हवे होते तसे मुद्दे मिळाले, विशेषतः वाहकांचे गणित आणि त्या आईचे प्रकरण. मी स्वतः यात सोव्हिएत कृषितज्ज्ञ लिसेंकोचे उदाहरण जोडणार आहे; परिस्थितीने पिकात घडवलेले बदल पुढच्या पिढीत उतरतात, असा त्याचा दावा होता. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात राज्यसत्तेच्या पाठिंब्याने आनुवंशशास्त्र जवळपास हद्दपार झाले. निकोलाय वाविलोव यांच्यासारखा जगभरातील पिकांची बियाणी जमवणारा शास्त्रज्ञ त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मरण पावला होता. सत्तेने ज्ञानावर हुकूम चालवण्याचा हा प्रसंग माझे विद्यार्थी शिकतात, पण लिसेंकोचा दावा नेमका कोठे चुकीचा होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना सांगता येते, आणि मग तो केवळ दोन मतांमधील संघर्ष वाटू लागतो.

पेशीपट, अर्थवेध यांनी परीक्षेबद्दल घेतलेली शंका बैठकीतही येणार, याची मला खात्री आहे. आपण परीक्षा कशी घेता?

पेशीपट

पुस्तक जवळ ठेवून. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या शाखेशी संबंधित एक कागद दिला जातो: विधीच्या विद्यार्थ्याला नावे वगळलेला डीएनए अहवाल, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला पूरक आहाराच्या उत्पादनाची जाहिरात, पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला संशोधनाचे प्रसिद्धिपत्रक, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला लसीकरणाच्या धोरणाचा मसुदा. त्यातील जैविक दावे वेगळे काढायचे, प्रत्येक दावा खरा ठरण्यासाठी शरीरात किंवा लोकसंख्येत काय घडावे लागेल ते लिहायचे, आणि त्याची खातरजमा करण्यासाठी कोणती माहिती मागवाल ते सांगायचे. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समाजात सरासरी १२ ते १८ जणांना संसर्ग देतो, हा आकडा मी प्रश्नपत्रिकेतच छापते. त्यावरून लसीकरणाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास का असावे लागते, हे मांडणे विद्यार्थ्याचे काम असते. गुण उत्तरापेक्षा कारणमीमांसेला अधिक असतात. तपासायला वेळ बराच लागतो, त्यामुळे वर्ग साठपेक्षा मोठा नसावा, ही अट प्रस्तावातच घालून घ्या; ती नंतर मिळत नाही.